करडी शाल, नग एक

गढी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात द्यायची हे ठरलं, तेव्हा मालकांनी सगळ्या नोकरांना दिवाणखान्यात उभं करून भाषण केलं. सगळे नोकर म्हणजे उरलेले तिघे: रखवालदार, त्याची बायको आणि माळी. चारशे वर्षं आमच्या घराण्याने हे दगड सांभाळले, आता ही वास्तू लोकांची, असं म्हणताना मालकांचा आवाज भरून आला. त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला.

"छप्पर गळायला लागलं की लोकांची आठवण होते," बाहेर आल्यावर माळी म्हणाला.

रखवालदाराला ते आवडलं नाही. मालक दुडूदुडू चालायचे तेव्हापासून तो या घरात होता. "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत," तो म्हणाला.

दोन दिवसांनी बायको धुणं घेऊन बसली, तेव्हा तिने तोच रुमाल त्याच्यासमोर धरला. "बघा. मी घातलेली घडीसुद्धा मोडलेली नाही. कोरडा ठणठणीत." आणि हसत हसत तिने तो स्वच्छ रुमाल पुन्हा धुतला.

तिला सगळे इस्त्रीवाल्या काकू म्हणत. एकतीस वर्षं गढीतलं प्रत्येक कापड तिच्या हाताखालून गेलं. माणूस तोंडाने काय बोलतो त्यापेक्षा त्याची कॉलर आणि उशीचा अभ्रा काय बोलतो यावर तिचा जास्त विश्वास होता. पुढे नवऱ्याला जे कळायला तीन महिने लागले, ते तिला रुमालावरून कळलं होतं. पण तिने ते हसण्यावारी नेलं आणि त्यानेही.

पुढच्याच आठवड्यात खात्याची माणसं यादी करायला आली. गढीतली प्रत्येक वस्तू बघायची, तिला नंबर द्यायचा, नंबराची पांढरी पट्टी लावायची. करार दोन वर्षांपूर्वीच झाला होता. कोणत्या खोलीत काय काय राहील हे त्यात लिहिलेलं होतं, आणि आता ते सगळं जागेवर आहे की नाही एवढंच बघायचं होतं. हे काम सुरू झालं त्याच दिवशी इस्त्रीवाल्या काकूंना ताप आला. दोन दिवसांनी तो छातीत उतरला आणि रखवालदार तिला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथे तो अकरा दिवस बाकावर झोपला. त्या अकरा दिवसांत तो एकदाच गढीत आला, तेही तिने पाठवलं म्हणून.

"अहो, माझी करडी शाल आणा ना," ती म्हणाली होती. "हे इथलं पांघरूण ओशट आहे. कोणाकोणाचा घाम आहे त्याला. अंगावर घेतलं की शिसारी येते."

शाल फाटकाजवळच्या त्यांच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला असायची. तो आला तर खिळा मोकळा. त्याने ट्रंक उपसली, इस्त्रीची खोली पाहिली, गादीखाली पाहिलं. मग शेवटची गाडी चुकू नये म्हणून तसाच परत गेला.

"मिळाली नाही गं."

"खिळ्यालाच आहे. तुम्हाला डोळ्यांसमोरचं दिसत नाही," ती म्हणाली. मग खोकल्याची उबळ आली. त्यानंतर ती धड असं काही बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली, त्याच ओशट पांघरुणाखाली.

पुढचे सात आठवडे रखवालदाराच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. लोक म्हणत, आजार मोठा होता, तुम्ही काय करणार. आजाराचं त्याला समजत होतं. पण शाल आणायची होती. तेवढं एक काम तिने सांगितलं होतं आणि तेवढंही त्याला जमलं नव्हतं.

मग एका सकाळी खात्याच्या मॅडमनी त्याला हाक मारली. आईसाहेबांच्या शयनगृहाची खिडकी अडकली होती आणि तिची खोड त्यालाच माहीत होती.

ते शयनगृह म्हणजेही एक गंमत होती. आईसाहेब, म्हणजे मालकांच्या मातोश्री, त्या खोलीत कधी झोपल्याच नव्हत्या. त्या शेजारच्या खोलीत, नव्या मऊ गादीवर झोपत. या खोलीतल्या पलंगावर चार पिढ्यांमागे कोणी राजा एक रात्र झोपला होता. तेव्हापासून त्या पलंगाची गादी कोणी उलटायची नाही, उन्हात घालायची नाही, खोळ काढायची नाही, असा घराण्याचा नेम होता. राजाच्या अंगाचा खळगा मोडायला नको म्हणे. इस्त्रीवाल्या काकू दर उन्हाळ्यात आईसाहेबांना विचारायच्या, निदान वरून काठीने झोडपू का. दर उन्हाळ्यात नकार ऐकून यायच्या आणि वैतागायच्या. "राजा एक रात्र झोपला नि उंदीर शंभर वर्षं झोपतायत," त्या म्हणायच्या.

रखवालदाराने खिडकी उघडली आणि वळला. पलंगाच्या पायथ्याशी, राजाच्या गादीवर, करडी शाल घडी करून ठेवली होती. तिच्या काठाला जाड दोऱ्याने पट्टी शिवली होती: २११४. शेजारी कार्ड होतं. 'आईसाहेबांच्या नित्य वापरातली लोकरी शाल. कोपऱ्यावरचं निळ्या धाग्याचं रफू त्यांनी स्वतः केलेलं आहे.'

निळं रफू त्याला पाठ होतं. इस्त्रीचा निखारा उडून कोपरा जळला होता. करडा धागा नव्हता म्हणून बायकोने निळा घेतला होता आणि तो म्हणाला होता, चांगलं नाही दिसत.

"काका, हात नका लावू," मॅडम म्हणाल्या. "नोंद झालीय तिची."

"ही माझ्या बायकोची आहे," तो म्हणाला.

मॅडम तिशीच्या होत्या, कामाला वाघ, आणि मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी एकदा शालीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "तुम्ही मालकांशी बोला," त्या हळूच म्हणाल्या. "मला त्यांनी आईसाहेबांची म्हणून दिलीय."

आईसाहेब शेजारच्या खोलीत सामान बांधत होत्या. म्हणजे खुर्चीत बसून कशात काय बांधायचं ते बोटाने दाखवत होत्या आणि मालक बांधत होते. स्टुलावर अर्धवट खाल्लेला केक होता आणि आईसाहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात त्याचं क्रीम होतं. खांद्यावर त्यांची सायीच्या रंगाची तलम शाल होती. तीही रखवालदाराच्या ओळखीची होती, कारण ती बायको कधी इतर कपड्यांबरोबर धूत नसे.

"कोणती शाल?" आईसाहेब म्हणाल्या. "हां, ती होय. अरे, त्या करारात लिहून बसलोय ना आम्ही, आईसाहेबांच्या वापरातली लोकरी शाल, नग एक. आता ही माझी शाल का मी सरकारला देऊ? माझ्या आईची आहे ही. मग मीच म्हटलं, इस्त्रीवालीकडे एक करडी आहे, तीच ठेवा. नगाला नग झाला."

"माझ्या खोलीतून उचलली?"

"उचलली काय म्हणतोस? घरातलंच तर होतं." त्यांना खरंच काही वावगं वाटत नव्हतं. भिंतीच्या आत जे जे होतं ते त्यांचंच, माणसं धरून, असं त्या जन्मापासून समजत आल्या होत्या.

"ती तेव्हा जिवंत होती, आईसाहेब. दवाखान्यात शाल मागत होती."

आईसाहेबांनी खांद्यावरची शाल सारखी केली. "मला कोणी बोललं नाही रे. बोललं असतं तर एखादं ब्लँकेट नसतं का पाठवलं?"

मालकांनी दोरी खाली ठेवली आणि रखवालदाराच्या खांद्यावर हात ठेवला. हात मऊ आणि दमट होता. "काका, उलट असं बघा ना. काकूंची आठवण किती मानाच्या जागी आहे. हजारो लोक बघतील."

"कार्डावर आईसाहेबांचं नाव आहे. रफूसुद्धा त्यांनी केलं म्हणे."

"ते मॅडमनी सहज विचारलं, हे कोणी शिवलं म्हणून," आईसाहेब म्हणाल्या. "आता काय सांगणार? सांगितलं काहीतरी."

"नुसतं एका ओळीत लिहून द्या मालक, की चुकून आली. मला बाकी काही नको."

"तेवढं सोपं असतं तर," मालक म्हणाले. "एका नगावर बोट ठेवलं ना काका, की खातं चार हजार नग पुन्हा तपासतं. मग विचारतं, करारातली शाल कुठेय." बोलता बोलता त्यांची नजर आईच्या खांद्यावर गेली आणि तिथून खिडकीबाहेर गेली. "आणि एकट्या शालीचं असतं तर वेगळं."

म्हणजे असे बदललेले आणखीही नग होते. रखवालदाराने विचारलं नाही. खांद्यावरचा हात अजून तिथेच होता, गोगलगाय चिकटावी तसा, आणि तो काढून टाकायला मालकांना हात लावावा लागला असता. तो मागे सरकला आणि खोलीबाहेर पडला. घरी जाऊन त्याने आधी खांदा साबणाने धुतला. मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. याच हातांना त्याने एकतीस वर्षं वाकून नमस्कार केला होता.

संध्याकाळी मॅडम फाटकाशी आल्या. त्यांच्या हातात एक छापील कागद होता.

"काका, मी विचार केला. एक वाट आहे," त्या म्हणाल्या. "याला निर्लेखनाचा अर्ज म्हणतात. एखादी वस्तू किडली, सडली, ठेवण्यासारखी राहिली नाही, की यादीतून काढून टाकायचा कागद. मालकांची सही लागत नाही. वस्तू सांभाळणाऱ्याची लागते, म्हणजे तुमची, आणि माझी. वस्तू कचऱ्यात जाते. कचऱ्यातून तुम्ही उचललीत तर मी बघायला येत नाही."

"काय लिहायचं त्यात?"

"शाल घाण होती, कसर लागलेली होती, इतर वस्तूंना धोका. एवढंच. उद्या तुमच्या हातात."

रखवालदार कागदाकडे बघत राहिला. "घाण होती?"

"कागदावर हो. कोण वाचतंय, काका."

"मी वाचीन," तो म्हणाला. "मॅडम, ती मरताना दवाखान्याच्या पांघरुणाला नाक मुरडत होती. तिच्या कापडाला कसर होती असं मी माझ्या हाताने लिहू? घाण त्यांची, नाव तिचं?"

मॅडमनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "मन बदललं तर सांगा," त्या म्हणाल्या. "उद्घाटनाच्या समारंभाला तीन आठवडे आहेत."

माळ्याने ऐकलं तेव्हा तो कपाळावर हात मारून घेणार होता, पण हाताला चिखल होता. "अरे बाबा, किल्ली तुझ्या कमरेला. रात्री जा, उचल, गप घरी आण."

"माझी वस्तू मी चोरू?"

"मग तो कागद लिही."

"माझी वस्तू मी घाण म्हणू?"

"बस मग. मोडेन पण वाकणार नाही," माळी म्हणाला. "वहिनी असत्या तर त्यांनी आधी शाल आणली असती नि मग भांडत बसल्या असत्या."

हे खरं होतं आणि म्हणूनच रखवालदार त्याच्याशी चार दिवस बोलला नाही.

तीन आठवडे तो रोज सकाळी शयनगृहाचं दार उघडायचा आणि संध्याकाळी लावायचा. आता दाराशी जाड दोर बांधला होता. दोराच्या अलीकडे उभं राहून शाल दिसायची. कार्डही दिसायचं. खात्याने मधल्या काळात ओळखीपाळखीच्या लोकांना आत सोडायला सुरुवात केली होती. एकदा एक बाई कार्ड वाचून नवऱ्याला म्हणाली, "बघा, एवढ्या मोठ्या घरातली पण हाताने रफू करायची." नवरा म्हणाला, "जुनी माणसं." रखवालदार शेजारीच उभा होता. त्याच्या तोंडात आंबट पाणी आलं. ते थुंकायला जागा नव्हती म्हणून त्याने गिळलं.

समारंभाच्या दिवशी सकाळी धूळ झटकायला म्हणून तो पहिल्यांदा दोराच्या आत गेला. शालीच्या घडीखाली चादरीवर काहीतरी बारीक, रेतीसारखं पडलं होतं. त्याने वाकून पाहिलं. मग शालीच्या काठाकडे पाहिलं. काठ जागच्या जागी होता पण त्याच्यातून पलीकडचं दिसत होतं.

तो मॅडमना घेऊन आला. त्यांनी हातमोजे घातले आणि शाल उचलली. ती उचलताना तुटली नाही एवढंच. घडीच्या आत पांढऱ्या, तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या वळवळत होत्या. लोकर त्यांनी जागोजागी खाल्ली होती. निळं रफू तेवढं सुती धाग्याचं म्हणून उरलं होतं.

"कुठून आल्या या?" मॅडम म्हणाल्या.

रखवालदाराने गादीवरची चादर उचलली आणि मग, कोणालाही न विचारता, राजाच्या गादीची खोळ उसवली. शिवण जुनी होती, सहज सुटली.

आतून वास आला, आणि मॅडम कोपरात तोंड खुपसून खिडकीशी गेल्या. गादीत भरलेली लोकर कसली, काळपट लगदा होता. त्यात उंदरांची घरटी, लेंड्या, चामड्यासारखी वाळलेली पिल्लं. आणि त्यावरून, त्यातून, खालून, अळ्यांचा थरच्या थर, तांदूळ उकळताना हलावेत तसा हलणारा. राजाचा खळगा म्हणून चार पिढ्यांनी जपला तो हाच. रखवालदार मात्र जागचा न हलता बघत राहिला.

मालक धावतच आले, नव्या सुटात. "काय चाललंय? पाहुणे यायला लागलेत. झाका ते. आधी झाका."

"ही खोली आज बंद राहील," मॅडम खिडकीतूनच म्हणाल्या.

"बंद? मॅडम, लोक हा पलंग बघायलाच येतात."

"मग त्यांना दाखवा," मॅडम म्हणाल्या. मग पर्समधून त्यांनी तो छापील कागद काढला. घडी तीन आठवड्यांत मळली होती. "काका, आता?"

रखवालदाराने कागद घेतला. आता लिहिण्यात खोटं काही नव्हतं. त्या दिवशी खोटं लिहिलं असतं तर शाल आज धडधाकट खिळ्याला असती. त्याने खरं धरून ठेवलं आणि तेवढ्यात अळ्यांनी ते खोटं खरं करून दाखवलं. हे त्याला समजलं आणि मालकांइतकीच त्याला स्वतःचीही घृणा आली.

त्याने खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहायला घेतलं. नग २११४. करडी शाल. कसर लागली. पुढे 'नुकसानीचं कारण' अशी रेघ होती. तिथे त्याने सावकाश लिहिलं: 'शाल माझ्या बायकोची. आली तेव्हा स्वच्छ होती. कसर या पलंगातून लागली.'

मालक खांद्यावरून वाचत होते. "काका, पलंगाचं कशाला? 'काळानुसार' लिहा. सगळ्यांनाच लागू पडतं. आणि बायकोचं तर..." त्यांनी आवाज उतरवला. "फाटकाजवळच्या खोल्या तुम्हाला जन्मभर मिळाव्यात म्हणून मी खात्याकडे शब्द टाकलाय. तो अजून मंजूर व्हायचाय. समजतंय ना?"

"समजतंय," रखवालदार म्हणाला आणि त्याने सही केली. मॅडमनी लगेच खाली आपली सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. मालक त्यांच्याकडे बघत राहिले. मग आरशात बघून त्यांनी टाय नीट केला आणि खाली गेले.

शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मॅडमनी त्याला दिली. "माळीकाका मागे शेकोटी पेटवतायत," त्या म्हणाल्या. "जाळलेली बरी. घरात नेऊ नका."

तो मागे गेला नाही. दर्शनी पायऱ्यांवर सकाळचं ऊन होतं, तिथे जाऊन बसला. माळ्याकडून चहाची बशी मागून घेतली, शाल मांडीवर पसरली आणि एकेक अळी चिमटीने उचलून बशीत टाकायला लागला. बाई तांदूळ निवडते तसा.

"जाळ रे," माळी म्हणाला. "काय उरलंय त्यात?"

"जे उरलंय ते."

माळी शालीवर वाकला. मग म्हणाला, "त्या काठाला बघ, तिथे चार आहेत," आणि निघून गेला.

गाड्या येत होत्या. चकचकीत बूट पायऱ्या चढत होते, त्याच्यापाशी आले की जरा थबकत होते आणि पलीकडच्या बाजूने वर जात होते. पाहुण्यांना घ्यायला आईसाहेब बाहेर आल्या, सायीच्या रंगाची शाल पांघरून.

"अरे, हे काय? आज? इथे?" त्या म्हणाल्या. "मागे जाऊन बस."

"ऊन इथे आहे, आईसाहेब."

त्यांनी बशीत पाहिलं. "शी."

रखवालदाराने बशी जरा वर उचलून धरली. "तुमच्याच आहेत. यादीत घ्यायच्या राहिल्या."

आईसाहेबांनी शाल अंगाशी ओढून घेतली आणि त्या चार पायऱ्या वर सरकल्या. तिथून त्या पुढच्या पाहुण्यांकडे बघून हसल्या. रखवालदाराने बशी खाली ठेवली.

अळ्या बोटांना मऊ आणि ओलसर लागत होत्या. काही चिमटीतच फुटायच्या. शालीला आता उंदरांचा आणि जुन्या गादीचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता. त्याने दोनदा नाकाशी नेऊन पाहिली होती. आत टाळ्या पडल्या, कोणीतरी बोलायला उभं राहिलं. माळ्याने पाण्याची बादली आणून शेजारी ठेवली, हात धू म्हणाला. रखवालदाराने बादलीकडे पाहिलं, पण हात धुतले नाहीत. शाल अजून अर्धी निवडायची होती.